काट्याचं तोंड

बाजारात त्यांना सगळे काटेवाले म्हणत, आणि हे नाव त्यांना मनापासून आवडत असे. वजनकाटे दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. भाजीच्या गाळ्यावरचा टांगता काटा असो, खाटकाच्या दुकानातला तबकडीचा असो, नाहीतर गोदामातला पोती तोलायचा अजस्र लोखंडी काटा असो, तो बिघडला की काटेवाल्यांना बोलावणं जाई. ते आपली पत्र्याची पेटी घेऊन येत, चष्मा कपाळावर चढवत आणि काट्याला आधी एक शिवी हासडत. मग मात्र तो इतक्या हलक्या हाताने उघडत, की मालकाला वाटावं, आपण इतकी वर्षं या मुक्या यंत्रावर उगाच आदळआपट करत आलो. काम झालं की म्हणत, "आता हा खोटं बोलायचा नाही. तुम्ही बोललात तर बोला." यावर दुकानदार हसत, पण जपून हसत.

माणसाला कशाचा तरी गर्व असावा. नसला तर तो सकाळी उठून कामाला तरी कशाला जाईल? काटेवाल्यांना दोन गोष्टींचा होता. एक म्हणजे आपल्या हातून गेलेला काटा कधी वाकडा बोलला नाही याचा, आणि दुसरा आपल्या मुलीचा. घोटाळा झाला तो या दोन गोष्टी त्यांनी एकत्र केल्या म्हणून.

मुलगी जन्मली तीच मुळी दिवस भरायच्या आधी. बापाच्या दोन तळव्यांत मावून वर जागा उरेल एवढीशी. काटेवाल्यांच्या आईने, म्हणजे मुलीच्या आजीने, तिला पाहिलं, "ही तर नुसती छटाकभर," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून रडली. तेच नाव पडलं, छटाक. पोर दवाखान्यातून घरी आली तशी काटेवाल्यांनी दुकानातला सगळ्यात नाजूक काटा वर घरात आणला, त्याच्या पारड्यात मऊ कापड अंथरलं आणि तिला रोज सकाळी तोलायला सुरुवात केली. काटा रेघभर पुढे सरकला की ते जिन्यात उभे राहून शेजाऱ्यांना ओरडून सांगत. नाही सरकला तर त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. हे प्रेमच होतं. याला कुणी दुसरं काही म्हणत असेल तर त्याने जगेल की नाही अशा पोराशेजारी एकदा बसून बघावं.

छटाक जगली, बाळसं धरलं, दुडूदुडू पळायला लागली. बापाची सवय मात्र गेली नाही. शाळेला सुट्टी असली की ती पेटीचा एक कान धरून त्यांच्याबरोबर बाजारात जाई. मोठा काटा दुरुस्त झाला की काटेवाले आधी आपली शिक्क्याची लोखंडी वजनं ठेवून तो तपासत, आणि मग ऐटीत म्हणत, "ही झाली चाचणी. आता खरी परीक्षा. चढ गं." छटाक टुणकन काट्यावर चढे. तिचं वजन बापाला तोंडपाठ असायचंच. काटा नेमका त्या रेघेवर येऊन थांबला की ते आकडा पुकारत, दुकानदार वा वा करत, आणि छटाकला केळं नाहीतर मूठभर शेंगदाणे मिळत. लोक आपल्या पोरांची उंची दारामागे पेन्सिलीने लिहून ठेवतात. हिचं वजन अख्ख्या बाजाराला पाठ होतं. ते वाढलं की बापाच्याच अंगावर मूठभर मांस चढे. छटाकलाही हा खेळ फार आवडे. आवडत होता तोवर आवडत होता.

काही मुली आधी उंच होतात आणि मग भरतात. काही आधी भरतात आणि मग उंच होतात. छटाक दुसऱ्या तऱ्हेची निघाली. अकरावं लागलं तसे तिचे गाल भरले, दंड भरले, कपडे कमरेत दाटायला लागले. शरीर आपलं काम आपल्या सवडीने करत होतं आणि त्याला कुणाचा सल्ला नको होता. पण न मागता सल्ला देणाऱ्यांची जगात कधी टंचाई पडली आहे?

त्या दिवशी काटेवाले गोदामात काम करत होते. दुपारची सुट्टी झाली होती आणि हमाल पोत्यांना टेकून आपापले डबे खात बसले होते. काटा तयार झाला. "चढ गं," काटेवाले म्हणाले. छटाक हळूच म्हणाली, आज नको बाबा. त्यांना ते ऐकू आलं नाही असं नाही. पोर लाजते आहे म्हणून त्यांनी ते कानाआड केलं आणि पुन्हा म्हणाले, चढ. ती चढली. काटा मागच्या खेपेपेक्षा बराच पुढे गेला आणि काटेवाल्यांनी गोदाम दणाणेल अशा आवाजात आकडा पुकारला. गोदामवाले काका म्हणाले, "अहो, हिला अजून छटाक काय म्हणता? पोत्यांच्या रांगेत उभी केली तर मी हिशेबात धरीन." हमाल हसले. काका मनाने वाईट नव्हते, त्यांच्या जिभेला हाड नव्हतं इतकंच. आणि काटेवालेही हसले. खरं सांगायचं तर सगळ्यात मोठ्याने तेच हसले. छटाक खाली उतरली. काकांनी दिलेलं केळं तिने मुकाट्याने घेतलं आणि बाहेर बांधलेल्या शेळीला घातलं.

तेव्हापासून तिला भूक लागेनाशी झाली.

तिची आई घरीच शिवणकाम करी. ज्या बाईच्या नजरेतून उसवलेला टाका सुटत नाही, तिच्या नजरेतून पोटची पोर कशी सुटेल? डबा शाळेतून रिकामा येई, पण फार चकचकीत रिकामा येई. खाल्लेल्या डब्याच्या कडेला काहीतरी लागलेलं असतं, आणि हा कुणाला तरी वाटून टाकून नळाखाली धरलेला दिसे. जेवायला बसली की छटाक भाताचा ढीग ताटात इकडून तिकडे फिरवी आणि पाण्याचे पेले रिचवी. मग एके दिवशी ती शाळेचा स्कर्ट घेऊन आईच्या मशीनपाशी आली आणि म्हणाली, कंबर सैल होतेय, आत घेऊन दे ना. हे सांगताना ती हसत होती. आईचा पाय मशीनवर थांबला. इतक्या दिवसांत पोर पहिल्यांदाच खुदकन हसली होती, आणि ती कशासाठी हसली हे आईला कळलं.

तिने मशीन बाजूला सारलं, पोरीला जवळ घेतलं आणि हळूहळू सगळं काढून घेतलं. संध्याकाळी काटेवाले दुकान बंद करून वर आले तेव्हा तिने त्यांच्यासमोर तो स्कर्ट ठेवला. काटेवाले म्हणाले, वाढीचं वय आहे, असं व्हायचंच.

"वाढीच्या वयात स्कर्ट उसवायला येतो, आवळायला नाही," ती म्हणाली. "गोदामात तिला पोतं म्हणाले. आणि तुम्ही हसलात."

काटेवाले खुर्चीत बसले ते बसलेच. परक्याच्या काट्यातला केसाएवढा फरक पकडणारा माणूस, आणि आपल्या घरातली पोर डोळ्यांदेखत उतरत होती ते त्याला दिसलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मग त्यांनी तेच केलं जे प्रेमळ आणि उतावळी माणसं करतात. दुसऱ्या दिवशी अंडी आणली, लोण्याचा गोळा आणला, आणि छटाकच्या समोर बसून तिचे घास मोजायला लागले. हा बाबाचा घास, हा आणखी एक, शाब्बास. आजीनेही कंबर कसली. "खा गं, गालफडं बसली बघ," ती म्हणाली, आणि त्याच श्वासात पुढे म्हणाली, "पण लोणी बेताने हं, आपल्या घराण्यात बायका लवकर सुटतात." एका तोंडाने दोन हुकूम. पोरीने कोणता पाळायचा? तिने चमचा खाली ठेवला आणि उठून गेली.

शेवटी आईने शाळेच्या नर्सबाईंना गाठलं, आणि नवऱ्याला बरोबर नेलं. नर्सबाई उंच, सडपातळ आणि तुटक बोलणाऱ्या. त्यांनी छटाकला आधी एकटीला बसवून तपासलं, तिच्याशी बराच वेळ बोलल्या, दर आठवड्याला मला भेटून जायचं म्हणून सांगितलं आणि तिला वर्गात पाठवून दिलं. मग आईबापांकडे वळल्या.

"जेवायला काय करायचं आणि केव्हा वाढायचं, हे तुमचं काम. त्यातलं किती खायचं, हे तिचं. तिच्या पोटाला बोलू द्या, तुम्ही मधे बोलू नका. खाल्लं तर शाबासकी नाही, नाही खाल्लं तर डोळे वटारणं नाही. आणि घरात कुणी कुणाच्या अंगावरून चकार शब्द काढायचा नाही. स्वतःच्यासुद्धा."

सांगायला सोपं होतं. पण ज्या घरात जेवताना दुसरा विषयच नसे, तिथे हे पथ्य पाळणं म्हणजे जिभेला कुलूप. आजीचं तर निम्मं बोलणंच गेलं. "मग जेवताना बोलायचं तरी काय?" तिने विचारलं, आणि तिचं काही चुकलं नव्हतं. पहिले काही दिवस टेबलावर नुसते चमचेच वाजत. आई आरशासमोर उभी राहून "मी किती सुटलेय" म्हणायला तोंड उघडी आणि तसंच मिटून घेई. काटेवाले छताकडे बघत जेवत, कारण समोर बघितलं की त्यांचे डोळे आपोआप लेकीच्या ताटात जात. मग एकदा ती शांतता असह्य होऊन आजीने आपल्या लहानपणीची गोष्ट काढली. शेजारच्या वाडीतले पेरू चोरताना ती कुंपणावर अडकली होती, आणि तिला सोडवायला वाडीचा मालकच आला होता, तोही खिशात दुसऱ्याच्या वाडीतले पेरू घेऊन. छटाक ऐकता ऐकता हसली आणि हसता हसता बटाट्याच्या दोन फोडी खाऊन गेली. काटेवाल्यांनी ते पाहिलं. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, पण शब्द म्हणून काढला नाही.

बाजारातही त्यांनी ती परीक्षा बंद करून टाकली. पुढच्या खेपेला गोदामवाल्या काकांनी विचारलं, पोर कुठेय, काटा तपासायचा ना? काटेवाल्यांनी पेटीतून लोखंडी वजनं काढून काट्यावर ठेवली आणि म्हणाले, वजनं त्यासाठीच असतात. मग थोडं थांबून म्हणाले, काका, त्या दिवशी तुम्ही बोललात ते चुकलंच, पण मी हसलो ते जास्त चुकलं. काका पुढे होऊन वजनं लावायला हात देऊ लागले.

असं करत करत गाडी रुळावर येत होती. सावकाश, पण येत होती. आणि तेवढ्यात शाळेची तपासणी आली.

दरवर्षी शाळेच्या सभागृहात सगळ्या मुलांची उंची आणि वजन घेत. पद्धत ठरलेली. मूल काट्यावर उभं राही, एक बाई रांगेकडे तोंड असलेली तबकडी वाचून आकडा मोठ्याने सांगत, नर्सबाई लांब टेबलाशी बसून तो लिहून घेत, आणि रांगेतली सगळी मुलं कान टवकारून ऐकत. त्या आकड्यांवर पुढे वर्षभर नावं ठेवली जात. यंदा शाळेचा काटा अडखळायला लागला होता आणि तो दुरुस्त करायचं काम अर्थातच काटेवाल्यांकडे आलं. एरवी शाळेचं काम म्हणजे त्यांना केवढा मान वाटायचा. निरोप छटाकनेच आणला. त्या संध्याकाळी तिचं ताट वाढलं तसंच आत गेलं, आणि दुसऱ्या दिवशीही. त्यावर कुणी काही बोललं नाही, पण आजीने पुन्हा काढलेली पेरूची गोष्टही त्या दिवशी कुणाच्या कानात शिरली नाही.

काटा दुकानात आला. उभ्या खांबाचा, वर घड्याळासारखी मोठी गोल तबकडी. काटेवाल्यांनी तो उघडून साफ केला, गंजलेली स्प्रिंग बदलली. शाळा सुटल्यावर छटाक दुकानात आली आणि पेटीवर बसली.

"बाबा, काटा थोडा मागे ठेवता येतो ना?"

काटेवाल्यांचा हात थांबला. मुलगी काय मागते आहे हे त्यांना पुरतं कळलं. "येतो," ते म्हणाले. "हा स्क्रू अर्धा फेरा फिरवला की झालं. बाजारात फिरवणारे पुष्कळ आहेत. मी नाही."

"एकदाच. तपासणीपुरता." मग ती घाईघाईने म्हणाली, "मी माझ्या एकटीसाठी नाही सांगत. मागे ठेवला की सगळ्यांचंच कमी येईल ना? माझ्या बाकावर जी बसते ना, तिला तर सगळे काय काय म्हणतात. ती त्या दिवशी ताप आल्याचं सोंग करणार आहे."

त्या मैत्रिणीला वर्गाने जे नाव ठेवलं होतं ते तिने बापाला सांगितलं. इथे ते पुन्हा सांगायची गरज नाही, असली नावं सांगितल्यानेच वाढतात. काटेवाल्यांना एकाच वेळी ओरडावंसं वाटलं आणि पोरीला छातीशी धरावंसं वाटलं. लबाडी करायची, तर तीसुद्धा सगळ्यांना सारखी. कार्टी अगदी बापावर गेली होती. त्यांनी पाना खाली ठेवला आणि तिच्याजवळ जमिनीवर बसले.

"हा काटा नर्सबाईंच्या कामाचा आहे," ते म्हणाले. "वर्गात एखादं पोर आतल्या आत आजारी असेल, तर ते त्यांना यावरून कळतं. मी हा खोटा केला तर ते पोर त्यांच्या नजरेतून निसटेल. तू एवढीशी होतीस तेव्हा रोज सकाळी मला काट्यानेच सांगितलंय की तू जगणार आहेस. त्याच्या तोंडात मी खोटं घालणार नाही." मग त्यांचा आवाज खाली आला. "पण ते वजन तेव्हा मला हवं होतं, कारण मी घाबरलो होतो. पुढे मी ते बाजारभर वाटत सुटलो. ते तुझं होतं, बाळ. मी तुला विचारायला हवं होतं. तू नको म्हणालीस तेव्हा तरी ऐकायला हवं होतं."

छटाकने त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकवली आणि तशीच बसून काट्याकडे बघत राहिली. बाप धंद्याच्या बाबतीत हलणार नाही हे तिला आधीच ठाऊक असावं. पण काटेवाल्याच्या घरात वाढलेल्या पोरीला आणखीही काही ठाऊक होतं.

"वरचं डोकं चार बोल्टवर बसतं ना?" तिने विचारलं.

"हो."

"मग ते उलटं बसवा. तोंड नर्सबाईंच्या बाजूला. काटा खरंच बोलेल, पण ज्यांना विचारायचंय त्यांनाच सांगेल. सगळ्यांना ऐकवायचं कशाला?"

काटेवाले तिच्याकडे बघतच राहिले. त्यांचा अख्खा जन्म काटे उघडण्यात आणि मिटण्यात गेला होता. काट्याचं तोंड गिऱ्हाईकाकडेच असायला हवं हे त्यांनी हजारदा दुकानदारांना सुनावलं होतं. पण मूल म्हणजे काही गिऱ्हाईक नव्हे, आणि त्याचं वजन म्हणजे विकाऊ माल नव्हे, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. त्यांनी पाना उचलला आणि तिच्या हातात दिला.

"सोड बोल्ट," ते म्हणाले.

वाटलं होतं तेवढं ते सोपं नव्हतं. डोकं फिरवलं तशी आतली सळी पिळली गेली आणि काटा मधेच रुसून बसला. दोघांनी पुन्हा सगळं खोललं. छटाकने बोटं काळी करून घेतली, एक नट टेबलाखाली घालवला, शोधून आणला, आणि सळीचा हूकही उलटा अडकवायला हवा हे बापाच्या आधी तिच्याच लक्षात आलं. तपासायची वेळ आली तेव्हा काटेवाल्यांनी लोखंडी वजनांकडे बोट दाखवलं. तिने ती एकेक करून ठेवली आणि मागच्या बाजूला जाऊन तबकडी वाचली. काटा केसभरही चुकला नव्हता.

तपासणीच्या दिवशी सकाळी दोघांनी तो सभागृहात नेऊन बसवला. शाळेच्या मोठ्या बाई बघायला आल्या आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. तबकडी उलटी कशी, त्यांनी विचारलं. काटेवाल्यांनी रात्रीपासून भाषण पाठ केलं होतं, पण ते म्हणाले, "कल्पना हिची आहे. हीच सांगेल." छटाक आधी आपल्या बुटांशी बोलली, मग हळूहळू बाईंशी. मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. एकीने वाचायचं आणि दुसरीने लिहायचं ही पद्धत चूक होऊ नये म्हणून आहे, त्या म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. नर्सबाई म्हणाल्या, मी वाचेन, मीच लिहीन, दोनदा बघून लिहीन. मोठ्या बाईंनी मग छटाकलाच विचारलं, "आणि एखाद्याला आपलं वजन जाणून घ्यायचं असेल तर? तो त्याचा हक्क नाही का?"

"आहे ना," छटाक म्हणाली. "त्याने नर्सबाईंना कानात विचारायचं. त्या त्याच्या कानात सांगतील."

मोठ्या बाईंनी शिपायाला खडू आणायला सांगितलं, आणि रांगेने जिथे उभं राहायचं ती रेघ आणखी बरीच मागे ओढून घेतली.

काटेवाल्यांचं काम संपलं होतं, पण काटा ऐनवेळी रुसला तर, असं म्हणून ते पेटी घेऊन भिंतीशी थांबले. मुलं आली. काहींचा चांगलाच हिरमोड झाला. आकडेच नाहीत तर मजा काय, असं दोघातिघांनी बोलूनही दाखवलं. पण रांग भराभर सरकत होती. मूल चढे, नर्सबाई मान खाली घालून लिहीत, "झालं, उतर" म्हणत, आणि पुढचं मूल येई. चढताना कुणी श्वास रोखून पोट आत घेत नव्हतं. छटाकच्या बाकावरची मैत्रीण आली होती. तिला ताप आला नव्हता.

छटाकची पाळी आली. ती काट्यावर चढली आणि सरळ उभी राहिली. काटेवाले ज्या भिंतीशी उभे होते ती नेमकी नर्सबाईंच्या मागची भिंत. तिथून तबकडी त्यांना लख्ख दिसत होती. जन्मापासून या पोरीचं एकही वजन त्यांना माहीत नाही असं झालं नव्हतं. काटा हलला. काटेवाल्यांनी नजर उचलली आणि तबकडीच्या वर, लेकीच्या चेहऱ्याकडे बघितलं. ती त्यांच्याकडेच बघत होती. ते तबकडी बघतात की नाही हेच ती बघत होती. त्यांनी नजर हलवली नाही. ती ओठ दाबून हसली.

"झालं, उतर," नर्सबाई म्हणाल्या.

तिच्यामागून मैत्रीण चढली. उतरताना तिने नर्सबाईंच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी विचारलं, त्यांनी तिच्या कानात उत्तर दिलं, आणि ती "एवढंच?" असं म्हणून खांदे उडवत निघून गेली. काटेवाल्यांनी खिशातून रुमाल काढला. सभागृहात धूळ फार आहे, असं ते शिपायाला म्हणाले.

संध्याकाळी जेवायला भात होता, बटाट्याची भाजी होती, उकडलेली अंडी होती. आईने सगळी भांडी टेबलाच्या मधोमध मांडली आणि ज्याने त्याने आपलं आपण वाढून घेतलं. आजीने शाळेत काय झालं ते विचारलं. छटाक टेबलाखाली हरवलेल्या नटाची आणि पिळलेल्या सळीची हकिगत सांगायला लागली, हातवारे करून, मधेच खात, तोंडात घास असताना बोलत. तिला तोंड मिटून खा असंही कुणी म्हटलं नाही. सांगता सांगता तिने ताटाकडे बघितलं. ताट रिकामं होतं.

"आई, भात आहे अजून?"

आजीचं तोंड उघडलं. काटेवाल्यांनी टेबलाखालून आपल्या आईच्या पायावर पाय ठेवला आणि ते पुन्हा मिटलं. आई भाताच्या पातेल्याकडे बघत म्हणाली, आहे की, आणि तिचा आवाज अगदी नेहमीसारखा आला. तो तसा यायला तिला काय पडलं असेल ते तिलाच ठाऊक. छटाकने भात वाढून घेतला, थोडा, मग आणखी थोडा. मग तिने बापाला विचारलं, लोणी तुमच्याकडे आहे का?

काटेवाल्यांनी लोण्याची वाटी तिच्याकडे सरकवली आणि आपल्या ताटात बघून खायला लागले. एवढी मोठी बातमी त्यांच्या आयुष्यात पूर्वी कधी आली नव्हती, आणि ती त्यांनी कुणालाच सांगितली नाही.